गाडीचे कूलंट घरी बदलले, पण प्रमाण जुळत नाही

कासवगती

माझ्याकडे २०१२ सालची, पेट्रोलवर चालणारी लहान गाडी आहे. गेल्या महिन्यात पुण्याहून साताऱ्याला जाताना खंबाटकीच्या चढावर रेडिएटरचा पंखा जो सुरू झाला, तो घाट उतरला तरी थांबेना. सुरूरच्या फाट्याजवळ गाडी सावलीला लावली आणि इंजिन निवल्यावर राखीव बाटली पाहिली, तर हिरव्या कूलंटऐवजी (इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाऐवजी) तिच्यात जुन्या चहासारखे तपकिरी पाणी होते. दोन वर्षांपूर्वी प्रवासात एक रबरी पाइप फुटला होता, तेव्हा रस्त्याकडेच्या गॅरेजमध्ये पाइप बदलून नळाचे पाणी भरून घेतले होते. ‘घरी गेल्यावर कूलंट टाकू’ असे तेव्हा ठरवले आणि विसरलो. म्हणजे दोष माझाच आहे.

या वेळी काम स्वतःच करायचे ठरवले. काय केले ते सविस्तर लिहितो, कारण शेवटी एक गोष्ट मला उलगडत नाही.

गाडी रात्रभर थंड होऊ दिली. आमच्या इमारतीच्या उताराच्या रस्त्यावर तिचे नाक वरच्या बाजूला राहील अशी उभी केली, हँडब्रेक ओढला आणि मागच्या चाकांना विटा लावल्या. बॅटरीची ऋण बाजूची तार सोडवली, कारण काही गाड्यांमध्ये चावी बंद असली तरी पंखा आपोआप फिरू शकतो आणि माझा हात त्याच्या अगदी जवळ जाणार होता. इंजिनाखालचे प्लास्टिकचे आवरण काढले, परात सरकवली, रेडिएटरच्या तळाचा ड्रेन कॉक, म्हणजे पाणी काढायची तोटी, हळूहळू सैल केला आणि धार सुरू झाल्यावर वरचे झाकण उघडले, तशी धार एकदम जोरात आली. राखीव बाटली काढून वाटीभर तांदूळ आणि साबणाचे पाणी घालून खळखळून धुतली. घरातली तेलाची बरणी ज्या रीतीने धुतात, त्याच रीतीने तिच्यातला गाळही निघाला.

बाहेर आलेले पाणी मापाच्या कॅनमध्ये मोजले, ते २.७ लिटर भरले. बॅटरीत घालायचे डिस्टिल्ड पाणी भरून इंजिन चालवले, वरचा पाइप गरम झाल्यावर बंद केले, दीड तास निवू दिले आणि पाणी काढले. असे तीनदा केले. तिसऱ्या वेळचे पाणी जवळजवळ स्वच्छ होते. त्यानंतर निम्मे कूलंट आणि निम्मे पाणी असलेले, थेट वापरायचे तयार मिश्रण २.७ लिटर भरले. हवा काढली, गाडी चालवली, गाडीच्या संगणकातली माहिती दाखवणाऱ्या, मोबाइलला जोडता येणाऱ्या ओबीडी यंत्रावर तापमान ९१ ते ९७ अंशांच्या मध्ये राहिले. मी खूश होतो.

मग एका मित्राने त्याचे रिफ्रॅक्टोमीटर, म्हणजे थेंबावरून कूलंटचा गोठणबिंदू दाखवणारे यंत्र, दिले. त्याच्या काचेवर रेडिएटरमधला एक थेंब टाकला, तर गोठणबिंदू उणे १६ अंश दिसला. कूलंटच्या बाटलीवर उणे ३६ छापलेले आहे. कूलंटमध्ये भेसळ असेल की मित्राचे यंत्र बिघडले असेल?

पाना_नंबर_दहा

कासवगती, यंत्र ठीक आहे आणि कूलंटही बहुधा ठीक आहे. तुमच्या गाडीची एकूण क्षमता पुस्तिकेत किती लिहिली आहे, तेवढे सांगा.

कासवगती

राखीव बाटली वगळून ४.५ लिटर.

पाना_नंबर_दहा

मग हिशेब सरळ आहे. ४.५ पैकी २.७ लिटर निघाले, म्हणजे १.८ लिटर आतच राहिले. ते इंजिनाच्या ब्लॉकमध्ये सिलिंडरभोवतीच्या पोकळ्यांत आणि हीटरच्या लहान रेडिएटरमध्ये असते. थर्मोस्टॅट (इंजिन तापल्यावरच उघडणारी झडप) बंद असल्यामुळे आणि ब्लॉकमधल्या पोकळ्यांचा तळ पाइप जेथे जोडतो त्याच्याही खाली असल्यामुळे ते केवळ तोटी उघडून कधीच बाहेर येत नाही. तुम्ही तीनदा धुतलेत, तेव्हा शेवटी आत राहिलेले १.८ लिटर जवळजवळ नुसते पाणी होते. त्यावर तुम्ही २.७ लिटर तयार मिश्रण ओतलेत, ज्यात मूळ कूलंट १.३५ लिटर होते. १.३५ ला ४.५ ने भागा, शेकडा ३० येतात. शेकडा ३० च्या मिश्रणाचा गोठणबिंदू उणे १५-१६ च्या आसपास असतो. तुमचे यंत्र अगदी बरोबर सांगत आहे.

वर्कशॉपमध्ये मी तीस वर्षे काढली. कूलंट बदलण्यात होणाऱ्या चुकांमध्ये ही सर्वांत जास्त वेळा होणारी आणि सर्वांत कमी वेळा लक्षात येणारी चूक आहे, कारण गाडी नीट चालत राहते. जो धुतच नाही, त्याच्या गाडीत जुनेनवे मिसळून प्रमाण बरे राहते. जो मन लावून धुतो, त्याचीच फसगत होते. धुणार असाल तर तयार मिश्रण घेऊ नये, मूळ अर्क, म्हणजे पाणी न मिसळलेले कूलंट, घ्यावा आणि त्याचे प्रमाण निघालेल्या पाण्यावर न काढता एकूण क्षमतेवर काढावे. तुमच्या गाडीत निम्मे म्हणजे २.२५ लिटर अर्क आणि वरून फक्त ०.४५ लिटर डिस्टिल्ड पाणी, एवढेच भरायला हवे होते.

नवी_चालक

दादा, एक शंका. पुण्यात पारा शून्यावर कधी उतरत नाही, मग गोठणबिंदू उणे १६ असला काय आणि उणे ३६ असला काय, फरक काय पडतो? मी वर्ध्याची आहे. आमच्याकडे प्रश्न उकळण्याचा आहे, गोठण्याचा नाही.

रसायनी

ताई, प्रश्न रास्त आहे. गोठणबिंदू येथे केवळ मोजपट्टी म्हणून कामी येतो. आपल्याला जाणून घ्यायचे असते मिश्रणात अर्क किती आहे, आणि अर्काबरोबर येणारी गंजरोधक द्रव्ये पुरेशी आहेत का. कूलंटचा बहुतांश भाग एथिलीन ग्लायकॉल असतो आणि उरलेल्या थोड्या टक्क्यांत धातूंचे रक्षण करणारी द्रव्ये असतात. इंजिनात ॲल्युमिनियम, ओतीव लोखंड, पोलाद, कुठे तांबे आणि डाखाचे शिसे-कथील असे वेगवेगळे धातू एकाच द्रवात बुडालेले असतात. अशा स्थितीत साधे पाणी म्हणजे सौम्य बॅटरीच. त्यातला दुबळा धातू झिजतो.

ग्लायकॉलही उष्णता आणि हवेतील प्राणवायू यांमुळे हळूहळू विघटित होऊन त्याची ग्लायकॉलिक आणि फॉर्मिक ही आम्ले बनतात. ती आम्ले निष्प्रभ करत करत संरक्षक द्रव्ये संपत जातात आणि पीएच उतरतो. म्हणून कूलंट ‘दिसायला चांगले आहे’ एवढ्यावर न थांबता मुदतीने बदलायचे असते. पातळ मिश्रणात ही पुंजी मुळातच कमी असते.

उकळण्याविषयी : समुद्रसपाटीला उघड्या भांड्यात पाणी १०० अंशांवर उकळते आणि निम्मे-निम्मे मिश्रण साधारण १०७ अंशांवर. खरा फरक झाकण करते. रेडिएटरच्या झाकणावर ०.९ किंवा १.१ असा आकडा असतो, तो दाब आहे. आतला दाब वातावरणापेक्षा १.१ बारने जास्त झाला, तर नुसते पाणीदेखील १२० च्या वर जाईपर्यंत उकळत नाही. याचा अर्थ असा, की ज्या झाकणाच्या रबराला भेगा गेल्या आहेत, ते उत्तम कूलंटही वाया घालवते.

आता वर्ध्याचा हिशेब करू. कूलंट ९५ अंशांवर आणि बाहेरची हवा २५ अंशांवर असेल, तर रेडिएटरला उष्णता टाकायला ७० अंशांचा फरक मिळतो. तुमच्याकडे मे महिन्यात हवा ४५ ची झाली, की तो फरक ५० वर येतो. म्हणजे त्याच रेडिएटरची, त्याच वेगाला उष्णता टाकण्याची शक्ती सुमारे २९ टक्क्यांनी घटते. उन्हाळ्यात जुन्या रेडिएटरची दुखणी बाहेर पडतात, ती यामुळेच. जास्त कूलंट घालणे हा मात्र त्यावरचा उपाय नव्हे. उष्णता वाहून नेण्यात पाणी ग्लायकॉलपेक्षा सरस आहे. निम्म्या-निम्म्या मिश्रणाची उष्णता धरण्याची क्षमता पाण्यापेक्षा पंधरा-वीस टक्के कमी असते आणि अर्क वाढवाल तसतशी ती आणखी घटते.

उत्तरध्रुव

रसायनींच्या शेवटच्या वाक्याला येथून दुजोरा. मी कॅनडात विनिपेगला राहतो, जेथे हिवाळ्यात पारा उणे ३५ ला सहज जातो आणि गाडी रात्री विजेच्या बोर्डाला जोडून ब्लॉक गरम ठेवावा लागतो. पहिल्या वर्षी मी ‘जेवढे जास्त तेवढे चांगले’ अशा समजुतीने गाडीत नुसता अर्क भरायला निघालो होतो. दुकानदाराने अडवले. शुद्ध एथिलीन ग्लायकॉल उणे १३ अंशांच्या आसपासच गोठते. पाणी मिसळल्यावरच गोठणबिंदू खाली जातो. ६० टक्क्यांच्या मिश्रणात तो उणे ५० च्याही खाली असतो आणि साधारण ७० टक्क्यांच्या पुढे तो पुन्हा वर चढू लागतो. शाळेत शिकलेले रसायनशास्त्र त्या दिवशी प्रथम कामी आले.

खंबाटकी_पार

पाना काकांना एक विचारतो. काही जपानी गाड्यांच्या पुस्तिकेत उष्ण प्रदेशासाठी ३० टक्के प्रमाण चालते असे मी स्वतः वाचले आहे. मग कासवगतींनी पुन्हा एवढा खटाटोप का करावा?

पाना_नंबर_दहा

बरोबर वाचले आहे. ज्या पुस्तिकेत ३० टक्के लिहिले आहे, त्या गाडीला ३० टक्के चालते, कारण त्या कंपनीने आपल्या कूलंटमधील संरक्षक द्रव्यांची मात्रा तसा विचार करून ठेवलेली असते. कासवगतींची पुस्तिका काय म्हणते?

कासवगती

पुस्तिकेत स्पष्टपणे ५० टक्के दिले आहे. मी भरलेले कूलंट बाजारातले दुसऱ्या कंपनीचे आहे आणि त्याच्या डब्यावरही ‘किमान ३३ टक्के’ असे लिहिले आहे. त्यामुळे मला पुन्हा करावेच लागेल असे दिसते. सगळे काढून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायची का?

पाना_नंबर_दहा

गरज नाही. तोटी उघडा, पुन्हा २.७ लिटर निघतील. आत जे १.८ लिटर उरेल, त्यात ३० टक्क्यांनी ०.५४ लिटर अर्क आधीच आहे. तुम्हाला एकूण २.२५ हवा. म्हणजे १.७१ लिटर अर्क आणि ०.९९ लिटर डिस्टिल्ड पाणी भरा. व्यवहारात १.७ आणि १. अर्क त्याच कंपनीचा आणि त्याच प्रकारचा घ्या. काढलेले २.७ लिटर स्वच्छ असेल, तर झाकणबंद कॅनमध्ये नाव लिहून ठेवा, बाटलीतली पातळी थोडी खाली गेली तर पुढे उपयोगी पडेल.

तोटीबद्दल एक सूचना. हल्ली रेडिएटरच्या दोन्ही टाक्या प्लास्टिकच्या असतात आणि कॉकही प्लास्टिकचा. तो हाताने जेवढा आवळेल तेवढाच आवळा. पक्कड लावून आवळणाऱ्यांच्या तुटलेल्या तोट्या मी किती बदलल्या, त्याची गणती नाही. ज्या गाड्यांना तोटीच नसते, तेथे खालचा जाड पाइप काढावा लागतो. तो चिकटलेला असेल तर ओढू नका आणि पेचकस तर मुळीच घालू नका. आधी हाताने गोल पिळून सुटा करा, मग ओढा. ज्या नळीवर तो बसतो तीही प्लास्टिकचीच असते.

शेतातला_फिटर

आमच्याकडे सोलापूर जिल्ह्यात बोअरच्या पाण्याने चहाचे पातेलेसुद्धा पांढरे होते. तेच पाणी वर्षानुवर्षे ट्रॅक्टरमध्ये घातले जाते. माझ्याकडे येणाऱ्या जुन्या ट्रॅक्टरांचे हेड उघडले की आत नखाएवढ्या जाडीचा चुन्याचा थर दिसतो, आणि तो सर्वांत जाड असतो जेथे सर्वांत जास्त उष्णता असते, म्हणजे नेमका सिलिंडरच्या डोक्याशी. शेतकऱ्याला वाटते, ‘पाणी तर रोज बघतो, मग गरम का होतो?’ पाणी भरपूर असते, पण त्या थराच्या पलीकडून उष्णता पाण्यापर्यंत पोचतच नाही.

डिझेल इंजिनवाल्यांसाठी आणखी एक. ज्या मोठ्या इंजिनांत सिलिंडरचा लायनर थेट पाण्यात उभा असतो, ज्याला आम्ही वेट लायनर म्हणतो, तेथे लायनर कंप पावत असल्यामुळे बाहेरच्या अंगाला बारीक बुडबुडे तयार होऊन फुटतात आणि लायनरला टाचणीच्या टोकाएवढी भोके पाडतात. एक दिवस ऑइलमध्ये पाणी येते. हे थांबवायला अशा इंजिनांसाठी खास द्रव्ये असलेले कूलंट लागते. कारचे साधे कूलंट ट्रकला घालणे ही काटकसर महागात पडते.

नवी_चालक

पाण्याचा विषय निघालाच आहे, तर घरच्या आरओचे पाणी किंवा एसीतून ठिबकणारे पाणी वापरले तर चालेल का? दोन्ही फुकट मिळतात.

रसायनी

आरओच्या पाण्यात क्षार कमी असतात, पण शून्य नसतात, आणि बऱ्याच यंत्रांत चवीसाठी क्षार परत मिसळलेले असतात. एसीचे पाणी मुळात शुद्ध असले तरी ते धुळीने माखलेल्या तांब्या-ॲल्युमिनियमच्या कॉइलवरून आलेले असते. ॲल्युमिनियमला सर्वांत घातक असतात क्लोराइड, कारण ते धातूवरचे संरक्षक पटल एका बिंदूत भेदून तेथेच खोल खड्डा करतात. चार-पाच लिटर बॅटरीचे पाणी विकत घेणे स्वस्त पडते. फक्त दुकानात मागताना ‘बॅटरीचे पाणी’ असे स्पष्ट सांगा आणि डब्यावरचे लेबल वाचा, कारण त्याच फळीवर बॅटरीचे आम्लही ठेवलेले असते.

खंबाटकी_पार

रंगाविषयी कोणी सांगेल का? माझ्या गाडीत निळे आहे, दुकानात हिरवे, लाल, गुलाबी, केशरी सगळे मिळते. दुकानदार म्हणतो, निळ्यात निळे टाका.

रसायनी

रंग हा केवळ घातलेला रंग आहे, त्यावरून रसायन ओळखता येत नाही. होंडा आणि सुझुकी यांचे निळे असते. फोक्सवॅगनचे जुने जी-११ हेही निळसर हिरवेच होते, पण त्यात सिलिकेट असे, आणि सिलिकेट जपानी कंपन्या वॉटर पंपाच्या सीलची झीज होऊ नये म्हणून टाळतात. उलट जपानी कूलंटमध्ये फॉस्फेट असते, जे युरोपीय कंपन्या टाळत आल्या, कारण तिकडच्या जड पाण्यात फॉस्फेटचा साका बसतो. म्हणजे दोन निळी कूलंटे एकमेकांच्या पथ्यावर पडतीलच असे नाही.

डब्यावर पाहायचे ते मानक : भारतीय आयएस ५७५९, जपानी जेआयएस के २२३४ किंवा अमेरिकी एएसटीएम डी ३३०६. त्याच्या जोडीला आपल्या गाडीच्या पुस्तिकेत दिलेला प्रकार. मुदतही प्रकारावर ठरते. जुन्या धाटणीचे हिरवे कूलंट साधारण दोन-तीन वर्षांत बदलावे लागते, तर टोयोटाच्या गुलाबी कूलंटला कंपनी प्रथम १,६०,००० किलोमीटर आणि त्यानंतर दर ८०,००० किलोमीटर अशी मुदत देते. पहिली मुदत मोठी असण्याचे कारण पाना काकांच्या हिशेबातच आहे : कारखान्यात कोरड्या इंजिनात भरलेले कूलंट पूर्ण नवे असते, नंतर बदलताना आतले उरलेले त्यात मिसळतेच.

विजेवर चालणाऱ्या गाड्यांत बॅटरी थंड ठेवायलाही कूलंट असते, पण त्यांतल्या अनेकींना वीज कमी वाहून नेणारे वेगळे कूलंट लागते. त्यात हाताशी असलेले कोणतेही कूलंट ओतू नये.

कासवगती

आता हवा काढण्याविषयी विचारतो. मागच्या वेळी मी झाकण उघडे ठेवून इंजिन चालवले आणि बुडबुडे थांबले तेव्हा झाकण लावले. तेवढे पुरेसे आहे का? दुसऱ्या दिवशी सकाळी राखीव बाटली रिकामी झाली होती, म्हणजे तिच्यातले कूलंट आत ओढले गेले.

पाना_नंबर_दहा

दुसऱ्या दिवशी बाटली उतरणे हे चांगले लक्षण आहे. आत राहिलेली हवा गरम झाल्यावर झाकणातून बाहेर गेली आणि निवताना तिच्या जागी बाटलीतले कूलंट ओढले गेले. मात्र बाटली पूर्ण रिकामी होऊ देऊ नये, नाही तर कूलंटऐवजी पुन्हा हवाच ओढली जाते. पहिल्या आठवड्यात रोज सकाळी थंड गाडीत पातळी पाहावी.

भरताना घाई करू नये. बारीक धारेने ओता, मधूनमधून वरचा पाइप हाताने दाबा, गुडगुड आवाज करत हवा वर येते. तुम्ही गाडीचे नाक उंच ठेवलेत ते उत्तम, कारण त्यामुळे झाकण हीच सर्वांत उंच जागा झाली आणि हवा तिकडे धावली. हीटरचे बटण पूर्ण गरमवर ठेवा. काही गाड्यांत त्याने काही फरक पडत नाही, कारण त्यांत हीटरमधून पाणी कायम वाहत असते आणि बटण फक्त हवेची झडप हलवते, पण ठेवल्याने तोटा नाही. इंजिन सावकाश चालू द्या. थर्मोस्टॅट साधारण ८२ ते ८८ अंशांना उघडतो, तेव्हा झाकणातली पातळी एकदम खाली जाते. घाबरू नका, भरत राहा. पंखा दोनदा लागून दोनदा बंद होईपर्यंत थांबा. मग गाडीत बसून हीटरची हवा पाहा. इंजिन गरम असूनही हीटर गार हवा देत असेल, तर हवेचा गोळा अजून आत आहे.

ही सगळी रीत रेडिएटरवर झाकण असलेल्या गाड्यांची. बऱ्याच युरोपीय आणि अलीकडच्या भारतीय गाड्यांत रेडिएटरला झाकणच नसते, दाब धरणारे झाकण पारदर्शक टाकीवर असते आणि हवा काढायला पाइपावर एक छोटा स्क्रू दिलेला असतो. तो सैल करून अखंड धार येईपर्यंत भरायचे आणि मग आवळायचा. टाकी आणि बाटली दिसायला सारख्या असल्या तरी एक दाबाखाली असते, दुसरी नसते. त्या टाकीचे झाकण गरम असताना उघडणे म्हणजे प्रेशर कुकरची वाफ जिरण्याआधीच झाकण ओढण्यासारखे आहे.

खंबाटकी_पार

माझा गॅरेजवाला म्हणतो, ‘आपल्या हवेत थर्मोस्टॅट लागतच नाही, काढून टाकू, गाडी थंड राहील.’

पाना_नंबर_दहा

त्याला नम्रपणे नाही म्हणा. थर्मोस्टॅट नसलेले इंजिन हायवेला गरजेपेक्षा थंड चालते, संगणक त्याला गार इंजिन समजून जास्त पेट्रोल देत राहतो, त्यातले काही ऑइलमध्ये मिसळते आणि ॲव्हरेज पडते. एवढे करून घाटात गाडी गरम व्हायची ती होतेच, कारण मूळ दुखणे रेडिएटर, पंखा किंवा झाकणात असते. उलट थर्मोस्टॅट जुना असेल, तर कूलंट बदलताना तोही नवा घाला. त्याच्यात एक लहान हलती पिन असते, ती घड्याळाच्या बाराच्या जागी येईल असा बसवा. तिच्या छिद्रातून हवा वर निसटते.

नवी_चालक

कासवगती, तुम्ही काढलेल्या कूलंटचे काय केले? आमच्या कॉलनीत एकाने गटारात ओतले आणि आता कुत्री तेथे पाणी पितात, म्हणून विचारते.

रसायनी

त्या कुत्र्यांकडे आजच लक्ष द्या आणि ती जागा भरपूर पाण्याने धुऊन घ्या. एथिलीन ग्लायकॉल चवीला गोड असते, म्हणूनच जनावरे ते चाटतात. शरीरात त्याचे रूपांतर आधी ग्लायकॉलिक आणि पुढे ऑक्झॅलिक आम्लात होते, आणि त्याचे कॅल्शियमबरोबर तयार झालेले स्फटिक मूत्रपिंडे निकामी करतात. सुरुवातीला प्राणी केवळ दारू प्यायल्यासारखा झोकांड्या देतो, मग जरा बरा वाटतो, आणि तेथेच माणसाची फसगत होते. उपचार पहिल्या काही तासांतच उपयोगी पडतात. लहान मुलाने प्यायले, तर वाट न पाहता थेट रुग्णालयात न्यावे आणि डबा सोबत न्यावा. शीतपेयाच्या बाटलीत कूलंट कधीही साठवू नये.

कासवगती

माझे जुने पाणी मी दोन कॅनमध्ये भरून, वर मोठ्या अक्षरांत लिहून, ज्या वर्कशॉपमध्ये जुने ऑइल वेगळे जमा करतात तेथे नेऊन दिले. त्यांनी एकच अट घातली : ऑइलमध्ये मिसळून आणायचे नाही, कारण मिसळलेले दोन्ही बाजूंनी निरुपयोगी होते. परात मात्र आता स्वयंपाकघरात परत जाणार नाही, हे घरी सांगून टाकले आहे.

शेतातला_फिटर

एक राहिले. रस्त्यात कूलंट गळाले आणि जवळ काहीच नसेल, तर काय करायचे हेही येथे लिहून ठेवू. साधे पाणी भरून घरी जाणे यात काही चूक नाही, कोरड्या इंजिनापेक्षा ते कधीही बरे. चूक होते ती नंतर विसरण्यात, जशी कासवगतींची झाली. तापमान वाढायला लागले की आधी एसी बंद करा, हीटर पूर्ण जोरात लावा, काचा खाली करा आणि सुरक्षित जागा दिसताच थांबा. अर्धा-पाऊण तास झाकणाला हात लावू नका. आणि तापलेल्या इंजिनात गार पाणी ओतू नका, हेड वाकते. हल्लीच्या अनेक गाड्यांत तापमानाचा काटाच नसतो, फक्त निळा आणि लाल दिवा असतो. लाल लागला म्हणजे इशाऱ्याची वेळ केव्हाच टळलेली असते, तेव्हा ‘पुढच्या पंपापर्यंत जाऊ’ असे म्हणू नका.

खंबाटकी_पार

आणि कूलंट वारंवार कमी होत असेल, पण कुठे गळती दिसत नसेल तर?

पाना_नंबर_दहा

इंजिन थंड असताना रेडिएटरचे झाकण उघडून गाडी सुरू करा. पातळीत सतत बारीक बुडबुडे येत राहिले, किंवा ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ साय दिसली, तर हेड गॅस्केटचा, म्हणजे हेड आणि ब्लॉक यांच्यामधल्या पट्टीचा, संशय घ्या. ते नसेल तर वॉटर पंपाखाली वाळलेल्या रंगाचा ओघळ शोधा. गाडीत गोडसर वास येऊन पुढची काच आतून तेलकट होत असेल, तर हीटरचा रेडिएटर गळतो आहे. नवे कूलंट भरून यातले काहीही दुरुस्त होत नाही.

कासवगती

काल पुन्हा बसलो. २.७ लिटर काढले, १.७ लिटर अर्क आणि १ लिटर बॅटरीचे पाणी आधी बादलीत एकत्र करून मग भरले. भरायला वीस मिनिटे घेतली. पंखा दोनदा लागला, हीटरची हवा हात धरवणार नाही इतकी गरम आली. राखीव बाटली वेगळ्या निम्म्या-निम्म्या मिश्रणाने वरच्या खुणेपर्यंत भरली. झाकणाचे रबर पाहिले, तर त्याला खरोखरच बारीक भेगा होत्या. जुन्यावर १.१ लिहिलेले होते, त्याच आकड्याचे नवे आणले.

आज सकाळी बाटलीची पातळी बोटभर उतरली होती, ती भरून काढली. दुपारी गाडी थोडी फिरवून, निवल्यावर झाकण उघडून थेट रेडिएटरमधला थेंब रिफ्रॅक्टोमीटरवर घेतला. उणे ३५ दिसले.

पाना_नंबर_दहा

उत्तम. आठवड्याने पुन्हा एकदा थेंब घ्या आणि आकडा येथे टाका.